गरोदरपणात आधी बीपी नीट मोजा, मग लिपिडचा रिपोर्ट वाचा

सातव्या महिन्यात कुणीतरी ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतं. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइडसमोर २६० हा आकडा ठळक अक्षरांत येतो आणि घर घाबरतं. तूप बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. त्याच फाइलमध्ये दोन पानं मागे बीपीचा आकडा असतो, १३८/८८. त्याच्या आधीच्या महिन्यात तो ११०/७० होता, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिलेले नसतात.

या जोडीत काळजीचा आकडा बीपीचा आहे. लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड यांसारखी रक्तातली चरबी, गरोदरपणात वाढणारच, शरीर ती मुद्दाम वाढवतं. बीपी मात्र उत्तरार्धात गुपचूप चढतं आणि बऱ्याचदा काहीच दुखत नाही. म्हणून या लेखात बीपीला जास्त जागा आहे. टप्पे क्रमानेच घ्या, कारण आधीचा टप्पा चुकला तर पुढच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

## टप्पा १ : पहिल्या तीन महिन्यांत दोन कामं उरकून घ्या

पहिलं काम, बीपीचा सुरुवातीचा आकडा लिहून घेणं. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी नेहमीपेक्षा खाली येतं. जिचं बीपी आधीपासून जास्त होतं तिचा आकडाही या काळात चांगला दिसू शकतो. पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली, तर जुनं बीपी लपून राहतं. मग आठव्या महिन्यात आकडा चढला की तो जुनाच आजार वर आला की गरोदरपणामुळे नवा सुरू झाला, हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही. २० आठवड्यांपूर्वी सापडलेलं बीपी बहुधा जुनं आणि त्यानंतर पहिल्यांदा चढलेलं बीपी गरोदरपणाचं, अशी ढोबळ विभागणी असते. दोन्हींची देखरेख वेगळी असते.

दुसरं काम, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणं. नुसती नावं सांगू नका, पाकिटं न्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. गरोदरपणात त्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात, म्हणून बदलाव्या लागतात. कोलेस्टेरॉलसाठीच्या अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन या गोळ्याही बहुतेक जणींना थांबवायला सांगतात. फार जास्त धोका असलेल्या मोजक्या स्त्रियांबाबत तज्ज्ञ वेगळा निर्णय घेतात.

थांबा : बीपीची गोळी स्वतःहून बंद करून बसू नका. पाळी चुकल्याचं कळलं त्याच दिवशी फोन करा आणि बदली गोळी लिहून घ्या. मध्ये आठ-दहा दिवस गोळीविना जाणं हीसुद्धा चूकच.

याच भेटीत अॅस्पिरिनचा प्रश्न विचारा, गरोदरपणात बीपी धोकादायक होण्याची शक्यता ते कमी करतं. आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, जुळं आहे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे, बीपी आधीपासून आहे, यांपैकी एक जरी लागू असेल तर डॉक्टर कमी मात्रेचं अॅस्पिरिन देण्याचा विचार करतात. पहिलं बाळंतपण, वय ३५ च्या पुढे, वजन बरंच जास्त, आई किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झालेला, अशा गोष्टी एकापेक्षा जास्त असतील तरीही विचार होतो. ही गोळी १२ व्या आठवड्यानंतर आणि शक्यतो १६ व्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर उपयोग जास्त. आठव्या महिन्यात बीपी चढल्यावर ती मागून फायदा नाही, म्हणून हा प्रश्न इथे, पहिल्याच टप्प्यात.

## टप्पा २ : मशीन आणि पट्टा

घरासाठी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरचं नको आणि बोटावरचं तर नकोच. मशीन गरोदर स्त्रियांमध्ये तपासलेलं आहे का ते पाहा. प्रीएक्लॅम्प्सियामध्ये, म्हणजे बीपीबरोबर मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तावरही परिणाम होऊ लागतो त्या अवस्थेत, काही साधी मशीन आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. स्ट्राइड बीपी या संस्थेच्या यादीत गरोदरपणासाठी तपासलेल्या मशीनचा वेगळा विभाग आहे. खरेदीआधी मॉडेलचा क्रमांक तिथे शोधा.

खरी गफलत मात्र पट्ट्यात होते. मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने दंड मोजा. घेर ३२ च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढून बांधला तर बीपी खोटं जास्त येतं आणि बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर खोटं कमी. ही दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण ती गोड वाटते.

तपासून पहा : मशीन पुढच्या तपासणीला सोबत न्या. सिस्टरांनी बीपी घेतलं की लगेच त्याच हातावर आपल्या मशीनने घ्या. दोन्हींत १० पेक्षा जास्त फरक सतत येत असेल, तर त्या मशीनवर विसंबू नका.

## टप्पा ३ : मोजण्याआधीचा अर्धा तास

चहा, कॉफी, तंबाखू आणि मिश्री, यांतलं काहीही अर्ध्या तासात झालेलं नको. मिश्रीचं नाव मुद्दाम घेते. बऱ्याच घरांत ती दात घासायची वस्तू समजली जाते, त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असं उत्तर येतं. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती बीपी चढवते आणि बाळालाही बाधते. वापरत असाल तर डॉक्टरांना सांगा, सोडायला मदत मिळते.

लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असलं की आकडा वर सरकतो. मग पाच मिनिटं नुसतं बसा. जिना चढून आल्या आल्या, सासूबाईंशी बोलता बोलता किंवा मोबाइल पाहत घेतलेलं बीपी धरू नका.

गोळ्या चालू असतील तर सकाळचं बीपी गोळी घेण्याआधी मोजा. दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र गोळी चुकवू नका. ‘तपासणीला उपाशी बोलावलंय’ म्हणून बीपीची गोळीही राहते आणि तिथे आकडा १५० दिसतो. उपाशी राहायला सांगितलं असेल, तर गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

## टप्पा ४ : प्रत्यक्ष मोजणं

१. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा. पलंगाच्या कडेला बसू नका, तिथे पाठ टेकत नाही आणि पाय लोंबकळतात.

२. दोन्ही पाऊलं जमिनीवर सपाट ठेवा. पायावर पाय नको, मांडी घालूनही नको.

३. दंड उघडा करा. घट्ट बाही वर सरकवली तर ती दोरीसारखी आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. कपड्यावरून पट्टा बांधू नका.

४. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर ठेवा आणि नळी आतल्या बाजूला येऊ द्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत तो सैल हवा.

५. हात टेबलावर किंवा उशीवर टेकवा. पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर आला पाहिजे. हात खाली लोंबकळला तर आकडा जास्त येतो, वर उचललेला असला तर कमी.

६. बटण दाबा आणि गप्प बसा. बोलण्यानेही आकडा चढतो.

७. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दोन्हींत १० पेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातात आकडा जास्त, तोच हात पुढे कायम धरा.

थांबा : गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपायला सांगतात ते रक्तप्रवाहासाठी योग्यच आहे, पण त्या अवस्थेत वरच्या म्हणजे उजव्या हातात बीपी घेऊ नका. तो हात हृदयाच्या वर असतो आणि आकडा खोटा कमी येतो. ‘कुशीवर झोपवलं आणि बीपी उतरलं’ यातलं काही उतरणं निव्वळ हाताच्या उंचीचं असतं. उताणं झोपूनही नको, भरलेलं गर्भाशय पाठीकडच्या मोठ्या शिरेवर दाब देतं.

## टप्पा ५ : वही

तारीख, वेळ, कितवा आठवडा, कोणता हात, दोन्ही आकडे आणि गोळी किती वाजता घेतली, एवढं एका ओळीत बसतं. आकडे जसे दिसले तसे लिहा. १३८ चं ‘१३०च्या आसपास’ करू नका. लिहिणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, पण वाचणाऱ्या डॉक्टरांना चढाव दिसतो तो त्या आठातूनच.

किती वेळा मोजायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील. बीपी वाढलेलं असेल तर सहसा सकाळ-संध्याकाळ. सगळं ठीक असेल तरी २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी आणि त्यापुढे दर आठवड्याला ते मोजलं गेलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी मोफत होते. खासगी दवाखान्यात नाव घातलेलं असलं तरी तिथे जाता येतं.

आता आपल्याकडची एक खास चूक. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, हिरव्या साडीतले फोटो निघतात आणि फाइल सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरांसमोर ती बाई कोऱ्या पाटीसारखी येते. त्यांना १२६/८२ दिसतं आणि ते ठीक वाटतं. पहिल्या तीन महिन्यांत हेच १००/६० होतं हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ओटीच्या सामानाआधी फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड आणि ही वही बॅगेत भरा. प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा. आणि बीपी याच दोन महिन्यांत चढण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा माहेरी पोचल्यावर आठवड्याभरात तिथली पहिली तपासणी करून घ्या.

## टप्पा ६ : आकडा आला, आता काय करायचं

घरी आकडे सातत्याने १३५/८५ च्या घरात किंवा वर येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

१४०/९० किंवा जास्त आलं, तर त्याच दिवशी फोन करा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, दोन्हींपैकी एक पुरेसा आहे. निदानासाठी चार तासांच्या अंतराने दोनदा आकडा बघतात, पण ते चार तास डॉक्टरांना कळवून काढायचे.

१६०/११० आलं, तर पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजा आणि तोवर घरच्यांना गाडी काढायला सांगा. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं की रुग्णालय. इथेही दोन्हींपैकी एक आकडा पुरतो. या पातळीला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि पहिल्या तासाच्या आत औषध मिळणं महत्त्वाचं असतं. रात्री दोन वाजता आलं तर रात्री दोन वाजता निघा.

आता लक्षणांबद्दल. मराठीत ‘पित्त’ हा शब्द इतक्या गोष्टींना पुरतो की त्याच्या आड प्रीएक्लॅम्प्सियाची दोन मोठी लक्षणं लपतात. डोकं ठणकतं, ‘पित्ताने दुखतंय’. पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखतं आणि मळमळतं, ‘पित्त झालंय, थंड दूध पी’. २० आठवड्यांनंतर ही दोन दुखणी पित्ताच्या खात्यात टाकण्याआधी बीपी मोजायचं, हा घरचा नियमच करा. पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, धाप लागणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही असेल तर घरी आकडा चांगला दिसला तरी जा.

पायावरची सूज बहुतेकींना येते आणि ती एकटी असली तर फार अर्थ काढू नये. चेहरा आणि हात एकाएकी सुजणं वेगळं. काल सैल फिरणाऱ्या बांगड्या आज रुतत असतील, अंगठी निघत नसेल, तर बीपी मोजा.

झटका, म्हणजे फिट, आली तर : डाव्या कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि १०८ ला फोन करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन मिळतं, तेच पुढचे झटके रोखतं.

## टप्पा ७ : लघवीची तपासणी

लघवीतलं प्रोटीन बीपीच्या जोडीने पाहतात. नमुना मधल्या धारेचा द्या आणि त्याआधी लघवीची जागा साध्या पाण्याने धुऊन घ्या. पांढरं जात असेल तर ते नमुन्यात मिसळून प्रोटीन खोटं जास्त दिसतं. आणखी एक लक्षात ठेवा : प्रोटीन नाही म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया नाही, असं नसतं. बीपी वाढलं असताना प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या किंवा यकृताचे आकडे दुप्पट झाले, तर प्रोटीनशिवायही निदान होतं. म्हणून डॉक्टर त्या रक्ततपासण्या सांगतात, त्या टाळू नका.

## टप्पा ८ : लिपिडचा रिपोर्ट वाचणं

सगळ्यात आधी विचारा, ही तपासणी कुणी सांगितली? गरोदरपणात लिपिड प्रोफाइल सरसकट करत नाहीत. घरात अगदी तरुण वयात हृदयविकार झालेले असणं, कोलेस्टेरॉल वाढण्याचा आनुवंशिक आजार, ट्रायग्लिसराइड आधीपासून जास्त असणं, अनियंत्रित मधुमेह किंवा स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असणं, अशा कारणांसाठी डॉक्टर ती मागतात. पॅकेजमध्ये होती म्हणून झाली असेल, तर पुढचं वाचून शांत व्हा.

गरोदरपणाच्या पहिल्या भागात शरीर चरबी साठवतं. उत्तरार्धात ती मोकळी करून आईच्या इंधनासाठी वापरतं, म्हणजे ग्लुकोज बाळासाठी उरतं. इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं. वारेला हार्मोन बनवायला आणि बाळाला पेशी बांधायला कोलेस्टेरॉल लागतं. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतं आणि एकूण कोलेस्टेरॉल सुमारे दीडपटीपर्यंत जातं. नवव्या महिन्यात कोलेस्टेरॉल २५० आणि ट्रायग्लिसराइड २५० हे नेहमी दिसणारे आकडे आहेत. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेलं ‘२०० पेक्षा कमी’ आणि ‘१५० पेक्षा कमी’ हे गरोदर नसलेल्या माणसांसाठी आहे. तो ठळक ठसा मशीनने उमटवलेला असतो, त्याला तुमचा महिना माहीत नसतो.

लक्ष कुठे द्यायचं? ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. १००० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा खरा धोका असतो आणि त्याच दिवशी जायला हवं. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या हे तिचं लक्षण, आणि तेही पुन्हा पित्ताच्या नावावर खपतं. रक्ताचा नमुना दुधाळ होता असा शेरा रिपोर्टवर असेल, तर तो दुर्लक्षू नका.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर गणिताने काढलेला एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा, विश्वासाचा राहत नाही. तो आकडा पाहून घाबरूही नका, निश्चिंतही होऊ नका.

थांबा : या तपासणीसाठी चौदा-पंधरा तास उपाशी राहू नका. गरोदरपणात इतक्या उपासाने साखर उतरते, चक्कर येते आणि ट्रायग्लिसराइडचा आकडाही बिघडू शकतो. उपाशी यायलाच हवं का हे डॉक्टरांना विचारा. हवं असेल तर रात्री नीट जेवून सकाळी पहिल्या नंबराला जा.

बीपी आणि लिपिडचा संबंध आहे का? आहे. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया होतो त्यांच्यात ट्रायग्लिसराइड इतर गरोदर स्त्रियांपेक्षा सरासरीने जास्त आढळतं. पण म्हणून तूप बंद केल्याने तो टळतो असं मुळीच नाही. ट्रायग्लिसराइड खरोखर फार वाढलं असेल, तर आधी साखर, मैदा, गोड चहा, फळांचे रस आणि दोन जिवांसाठी म्हणून वाढलेला दुप्पट भात कमी करायचा. तेला-तुपाचं प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. मीठ पूर्ण तोडणं किंवा दिवसभर अंथरुणात पडून राहणं, यांनीही प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही.

ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांनी धोका कमी होतो, म्हणून त्या चुकवू नका. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह त्याच्यापासून किमान दोन तास लांब.

## टप्पा ९ : बीपीच्या गोळ्या

लॅबेटॅलॉल, दीर्घकाळ चालणारं निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या गरोदरपणात नेहमी वापरल्या जाणाऱ्या गोळ्या. दमा असेल तर लॅबेटॅलॉल सुरू होण्याआधी ते आवर्जून सांगा. निफेडिपिनने सुरुवातीला चेहरा गरम होतो आणि डोकं दुखतं. हे दुखणं गोळीचं की बीपीचं, हे आकडा मोजून आणि डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आकडा १२०/८० आला म्हणून गोळी बंद करायची नसते, तो गोळीमुळेच आलेला असतो. आणि बीपी चढलं म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याचा जुना उपाय कुणी सांगितला तर करू नका. बीपी एकदम कोसळलं तर बाळाचा रक्तपुरवठा तुटतो.

## टप्पा १० : बाळंतपणानंतर

‘बाळ झालं, बीपी गेलं’ हा समज फार महागात पडतो. बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान सर्वांत वर जातं आणि साध्या बाळंतपणानंतर घरी सोडतात ते नेमकं त्याच सुमाराला. पाहुणे, बारशाची तयारी, शेक-शेगडी आणि रात्रीची जागरणं यांत बाळंतिणीचं बीपी कुणाच्या लक्षात राहत नाही. गरोदरपणात ते वाढलं असेल तर पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ मोजा आणि दहा दिवसांच्या आत एकदा दाखवून या. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो, टप्पा ६ मधली लक्षणं सहा आठवडे जशीच्या तशी लागू आहेत. टाक्यांच्या दुखण्यासाठी कोणती गोळी चालेल हेही विचारून घ्या.

आशाताई बाळाचं वजन करायला घरी येतात तेव्हा त्यांना ‘माझं बीपी वाढलं होतं’ असं स्पष्ट सांगा. बाळाच्या कौतुकात आईची चौकशी राहून जाऊ शकते.

लिपिड पुन्हा तपासायचं असेल तर किमान सहा आठवडे, शक्यतो तीन महिने थांबा. ट्रायग्लिसराइड लवकर उतरतं, कोलेस्टेरॉलला जास्त वेळ लागतो. त्या दिवसांत डिंकाचे आणि अळिवाचे लाडू रोज चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असताना कोलेस्टेरॉलची जुनी गोळी स्वतःहून पुन्हा सुरू करू नका.

तीन महिन्यांनंतरही बीपी १४०/९० च्या वर राहिलं, तर ते आता कायमचं बीपी समजून उपचार घ्यायचे. उतरलं तरी ती वही टाकू नका. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. त्यामुळे वर्षातून एकदा बीपी, साखर आणि लिपिड तपासून घ्या आणि नव्या डॉक्टरांकडे गेलात की वहीतलं पहिलं पान आधी दाखवा.